अंध प्रवाशाचा रिसीव्हर आणि वाटेची भाषा : उपग्रह-मार्गदर्शनाच्या इतिहासाचा एक विचार

१

यंत्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष साहजिकच शोधकर्त्यांकडे, कारखान्यांकडे आणि सालांकडे जाते. ते यंत्र ज्याने विकत घेतले त्याने नेमके काय पाहून त्याची निवड केली आणि दुसरे का नाकारले, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. अंध प्रवाशांनी वापरलेल्या जीपीएस यंत्रांच्या बाबतीत तर या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. डोळस माणसाला रिसीव्हरची निवड चुकली तर थोडी गैरसोय सोसावी लागते. अंध माणसाची निवड चुकली तर तो एखाद्या अनोळखी चौकात, वाहनांच्या गोंगाटात, आपण कोठे आहोत हे न समजता उभा राहतो.

प्रस्तुत लेखात १९८५ ते २०२३ या कालखंडातील या निवडीचा विचार करावयाचा आहे. वरवर पाहता ही निवड केवळ तांत्रिक वाटते. रिसीव्हर किती वाहिन्यांचा आहे, त्याची चूक किती मीटरांची, बॅटरी किती तास चालते, असे तिचे निकष सांगता येतील. परंतु साधनांचा क्रम लावून पाहिला असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. रिसीव्हरमध्ये झालेली प्रत्येक महत्त्वाची सुधारणा म्हणजे यंत्राला खरेपणाने उच्चारता येईल अशा एका नव्या वाक्यप्रकाराची भर होय. ‘तू या शहरात आहेस’ एवढेच म्हणू शकणारे यंत्र ‘तू या चौकापाशी आहेस’ असे म्हणू लागले. पुढे ‘दुकान तुझ्या उजव्या हाताला आहे’ असे म्हणू लागले. तेव्हा अंध प्रवासी रिसीव्हर निवडतो म्हणजे आपल्याशी कोणती वाक्ये बोलली जावीत हे निवडतो, असे म्हणावयास हरकत नाही. या दृष्टीने हा विषय भाषेच्या अभ्यासकाच्याही कक्षेत येतो.

परिभाषेविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. ‘रिसीव्हर’ला ‘ग्राहक’ हा प्रतिशब्द सहज सुचण्यासारखा आहे. परंतु ग्राहक म्हणजे गिऱ्हाईक हा अर्थ मराठीत इतका रूढ आहे, आणि या लेखात गिऱ्हाइकाचाही विचार येणार आहे, की घोटाळा टाळण्यासाठी ‘रिसीव्हर’ हाच शब्द योजला आहे.

२

उपग्रह येण्यापूर्वी अंध प्रवाशाजवळ मुख्यतः दोन साधने होती : काठी आणि कुत्रा. काठी अर्थातच प्राचीन आहे. तिला पांढरा रंग देण्याची कल्पना १९२१ मध्ये इंग्लंडातील ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज या अपघातात दृष्टी गमावलेल्या छायाचित्रकाराची, असे सामान्यतः मानले जाते. हा रंग पाहणाऱ्यांसाठी होता. चालणाऱ्याच्या दृष्टीने काठीत खरी सुधारणा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात झाली. १९४४ मध्ये अमेरिकेतील व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी अंध झालेल्या सैनिकांसाठी लांब, हलकी काठी आणि ती पावलांच्या तालावर डावीउजवीकडे फिरविण्याची पद्धती सिद्ध केली. मार्गदर्शक कुत्र्यांच्या पद्धतशीर शिक्षणाचा प्रारंभ १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे, तोही युद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठीच, झाला. आणि १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

ही दोन्ही साधने एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : पुढचे पाऊल सुरक्षित आहे काय? ‘मी कोठे आहे आणि मला जावयाचे आहे ते ठिकाण कोणत्या बाजूस आहे?’ हा दुसरा प्रश्न या साधनांच्या आवाक्याबाहेरचा आहे. अंधांच्या प्रशिक्षणशास्त्रात या दोन बाजूंना ‘मोबिलिटी’ आणि ‘ओरिएंटेशन’ अशी निरनिराळी नावे आहेत. मराठीत त्यांना ‘संचार’ आणि ‘दिशाबोध’ म्हणता येईल. कुत्रा मालकाला कचेरीत नेतो अशी एक लोकसमजूत आहे, ती बरोबर नाही. परिचयाच्या वाटा तो ओळखू लागतो हे खरे. पण एरव्ही ‘उजवीकडे’, ‘पुढे’ अशा आज्ञा माणूसच देतो आणि कुत्रा त्या सुरक्षितपणे पार पाडतो. शहराचा नकाशा असतो तो माणसाच्या मनात.

हा मुद्दा विसरता कामा नये. काठी व कुत्रा यांच्या व्यवस्थेत आज्ञेचा अधिकार चालणाऱ्याकडे होता. पुढे बोलणारे यंत्र आले तेव्हा प्रश्न पडला तो हाच, की आता आज्ञा कोणी कोणास करावयाची?

३

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस व्यवस्थेचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडण्यात आला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या उपग्रहांपैकी किमान चार उपग्रहांचे वेळदर्शक संकेत झेलून, ते पोचण्यास लागलेल्या वेळेवरून रिसीव्हर स्वतःचे स्थान काढतो. १ सप्टेंबर १९८३ रोजी वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन प्रवासी विमान पाडले गेले आणि २६९ माणसे मरण पावली. त्यानंतर ही व्यवस्था पूर्ण झाल्यावर नागरी वापरासाठी खुली राहील असे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले. १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली.

परंतु नागरी वापरासाठी जो संकेत मिळे, त्यात लष्करी कारणांसाठी हेतुपुरस्सर अशुद्धता मिसळलेली असे. त्यामुळे स्थानात १०० मीटरांपर्यंत चूक पडे. समुद्रावरील जहाजाला १०० मीटर म्हणजे काहीच नव्हे. पायी चालणाऱ्या अंध माणसाला १०० मीटर म्हणजे पुढचा चौक, किंवा शेजारचा समांतर रस्ता. ज्या यंत्राला ‘तू कोणत्या रस्त्यावर आहेस’ हे खात्रीने सांगता येत नाही, त्याचा पायी प्रवासात उपयोग तो काय?

असे असूनही या कल्पनेची मांडणी पुष्कळ आधी झाली. १९८५ मध्ये जॅक लूमिस आणि सी. सी. कॉलिन्स यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अंधांच्या मार्गदर्शनासाठी उपग्रहांचा उपयोग करता येईल असे सुचविले. लूमिस हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत संवेदनांचे मानसशास्त्र शिकवीत. त्याच विद्यापीठात रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलाचे प्राध्यापक होते. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, माणसे शहराचा नकाशा मनात कसा रचतात या विषयाचे ते मान्यवर अभ्यासक होते. १९८४ मध्ये त्यांची स्वतःची दृष्टी गेली. मनातील नकाशांचा अभ्यासक आता केवळ मनातील नकाशावर चालू लागला. लूमिस, गॉलेज आणि बोधनाच्या मानसशास्त्रज्ञ रॉबर्टा क्लॅट्स्की या तिघांच्या सहकार्यातून ‘पर्सनल गायडन्स सिस्टिम’ हा प्रकल्प उभा राहिला.

१९९३ मध्ये चालू झालेले त्यांचे पहिले यंत्र पाठीवरच्या पिशवीत वाहून न्यावे लागे आणि त्याचे वजन ११ किलो होते. स्थानाची अशुद्धता दूर करण्यासाठी जमिनीवरील केंद्राकडून येणाऱ्या दुरुस्तीच्या संकेतांचा उपयोग केलेला होता. चालणाऱ्याच्या डोक्यावर, हेडफोनच्या पट्टीवर, इलेक्ट्रॉनिक होकायंत्र बसविलेले असे. हे होकायंत्र ठेवण्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या वजनात किंवा अचूकतेत नव्हते. ते यंत्राच्या बोलण्याच्या पद्धतीत होते. दोन्ही कानांत येणाऱ्या ध्वनीत सूक्ष्म फरक करून, आवाज विशिष्ट दिशेने येत आहे असा भास निर्माण केलेला होता. त्यामुळे ग्रंथालयाचे नाव ग्रंथालयाच्या दिशेने ऐकू येई. वास्तू जणू आपापल्या जागेवरून स्वतःचे नाव पुकारीत. यात ‘डावीकडे वळ’ ही आज्ञा नव्हती. ‘ग्रंथालय’ एवढे नामच होते, आणि क्रियापद चालणाऱ्याने पुरवावयाचे होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक प्रयोगात या आभासी दिशाध्वनीची पद्धती शब्दांतील सूचनांपेक्षा सरस ठरली. चालणाऱ्यांनाही तीच अधिक पसंत पडली.

याच सुमारास, १९९४ ते १९९६ या काळात, युरोपातही ‘मोबिक’ नावाचा प्रकल्प चालला होता. त्याचे दोन भाग होते. एक भाग प्रवासापूर्वी घरी बसून संगणकावर वाट अभ्यासण्याचा, आणि दुसरा प्रत्यक्ष वाटेवर सोबत देण्याचा. घरी नकाशा अभ्यासणे हा दुय्यम भाग समजला गेला नाही, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे. डोळस माणूस भिंतीवरील नकाशा सहज, उगाचच, पाहतो. शहराची रचना त्याला नकळत कळत जाते. अंध माणसाला ही ‘उगाच पाहण्याची’ सोय प्रथमच मिळत होती.

४

प्रयोगशाळेतून बाजारात येण्याचा मार्ग मात्र वेगळा होता. १९८९ मध्ये जिम फ्रुक्टरमन यांनी कॅलिफोर्नियात ‘आर्केन्स्टोन’ ही संस्था अंधांसाठी छापील मजकूर वाचून दाखविणारी यंत्रे पुरविण्यासाठी काढली. तिने १९९०च्या दशकात ‘ॲटलस स्पीक्स’ हा बोलका नकाशा तयार केला. त्याला रिसीव्हर जोडून ‘स्ट्रायडर’ नावाचे यंत्र सिद्ध करण्याचाही प्रयत्न झाला. पण पाठीवर लॅपटॉप वाहण्याची अडचण आणि संकेतातील अशुद्धता यांमुळे ते विक्रीस आले नाही. या कामात असलेले माइक मे, ज्यांची दृष्टी वयाच्या तिसऱ्या वर्षी एका स्फोटात गेली होती, यांनी पुढे ‘सेंडेरो ग्रुप’ ही कंपनी स्थापन केली.

मे २००० च्या प्रारंभी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने संकेतातील हेतुपुरस्सर अशुद्धता काढून टाकण्यात आली. एका रात्रीत सामान्य रिसीव्हरची चूक १०० मीटरांवरून १० ते २० मीटरांच्या आसपास आली. अंधांच्या प्रवासाच्या इतिहासातील ही एक मोठी तारीख होय, आणि तिच्याशी संबंधित निर्णय घेणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोळ्यांसमोर अंध प्रवासी असण्याचा फारसा संभव नाही. ‘तू अमुक रस्त्यावर, अमुक चौकाजवळ आहेस’ हे वाक्य त्या रात्रीपासून बहुतांशी खरे ठरू लागले. त्याच वर्षी सेंडेरोचे ‘जीपीएस-टॉक’ लॅपटॉपसाठी विक्रीस आले. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या ‘पल्स डेटा’ कंपनीच्या ‘ब्रेलनोट’ या ब्रेल टिपणयंत्रावर सेंडेरोची मार्गदर्शनप्रणाली आली, आणि २००३ मध्ये कॅनडातील ‘व्हिजुएड’ने ‘ट्रेकर’ हे हातात मावणाऱ्या संगणकावरील यंत्र आणले. २००५ मध्ये या दोन कंपन्या एकत्र येऊन ‘ह्यूमनवेअर’ हे नाव पुढे आले.

५

यानंतरच्या सात-आठ वर्षांत अंध गिऱ्हाइकाला प्रथमच शब्दशः रिसीव्हर निवडावा लागला. नकाशा आणि आवाज एका यंत्रात, आणि रिसीव्हर स्वतंत्र डबीत, तारेने किंवा ब्लूटूथने जोडलेला, अशी त्या काळची रचना होती. बाजारातील रिसीव्हर मोटारचालकांसाठी बनविलेले होते. अंध पादचाऱ्याच्या गरजांना ते कोठे अपुरे पडत हे पाहणे उद्‌बोधक आहे.

पहिली अडचण अगदी साधी. रिसीव्हरची अवस्था दिव्यांनी दाखविलेली असे. दिवा स्थिर असला म्हणजे अमुक, लुकलुकला म्हणजे स्थान मिळाले. ही भाषा अंध माणसाला वाचता येत नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या डबीपेक्षा सरकत्या खटक्याची डबी बरी, कारण खटका कोणत्या बाजूला आहे हे बोटाला समजते.

दुसरी अडचण जागेची. मोटारीत रिसीव्हर काचेपाशी ठेवता येतो. पादचाऱ्याचे स्वतःचे शरीरच आकाशाचा निम्मा भाग झाकते. म्हणून डबी खांद्यावर ठेवणे हितावह असे, आणि तारेच्या जोडणीपेक्षा ब्लूटूथची जोडणी त्यासाठी सोयीची ठरे. उंच इमारतींच्या गल्लीत संकेत भिंतींवर आपटून येतात आणि स्थान भलतीकडेच दाखविले जाते. जुन्या १२ वाहिन्यांच्या रिसीव्हरांच्या तुलनेत २००४ मध्ये आलेल्या ‘सर्फस्टार-३’ या २० वाहिन्यांच्या चिपने क्षीण संकेतही पकडता येऊ लागले आणि ही अडचण पुष्कळ कमी झाली.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. थांबलेल्या मोटारीचे स्थान नकाशावर थरथरू नये म्हणून अनेक रिसीव्हरांत ‘स्टॅटिक नेव्हिगेशन’ नावाची सोय असे. वेग अगदी कमी झाला की यंत्र वाहन थांबले असे गृहीत धरी आणि स्थान गोठवून ठेवी. आता, ताशी पाच किलोमीटर चालणारा माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. काठीने चाचपडत, गर्दीतून जाणारा त्याहून सावकाश जातो. मोटारीच्या दृष्टीने तो थांबलेलाच! परिणाम असा, की माणूस चालत आहे आणि यंत्र त्याला मागच्याच चौकात उभे समजत आहे. ही सोय बंद करता येते की नाही, हा अंध गिऱ्हाइकाच्या दृष्टीने वाहिन्यांच्या संख्येइतकाच निर्णायक प्रश्न होता. डोळस गिऱ्हाइकाला तो पडण्याचे कारणच नव्हते.

चौथी अडचण या सर्वांहून महत्त्वाची, आणि भाषेच्या दृष्टीने सर्वांत उद्‌बोधक. जीपीएस रिसीव्हरला आपण कोठे आहोत हे कळते. आपले तोंड कोणीकडे आहे हे कळत नाही. दिशा तो हालचालीवरून ताडतो. चौकात उभा असलेला माणूस जागच्या जागी वळला तर रिसीव्हरला त्याचा पत्ता लागत नाही. तो जुनीच दिशा धरून बसतो. आणि अंध प्रवाशाला प्रश्न पडतो तो नेमका चौकात उभा असतानाच.

भाषाविज्ञानात स्थलनिर्देशाच्या तीन चौकटी मानतात. स्टीफन लेव्हिन्सन यांच्या २००३ मधील ग्रंथाने हा विचार विशेष प्रसिद्ध झाला. ‘देवळाच्या दारापुढे’ यात वस्तूच्या स्वतःच्या बाजूंचा आधार असतो. ‘उजवीकडे’ यात पाहणाऱ्याच्या शरीराचा. ‘पूर्वेला’ यात स्थिर दिशांचा. ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिधिर या भाषेचे भाषिक शरीरसापेक्ष ‘डावे-उजवे’ टाळून शेजारच्या वस्तूंविषयीही पूर्व-पश्चिम असेच बोलतात, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. या परिभाषेत सांगावयाचे तर उपग्रहांवर अवलंबून असलेला रिसीव्हर हा जन्मतः तिसऱ्या चौकटीचा भाषिक आहे. अक्षांश आणि रेखांश हीच त्याची मातृभाषा. ‘दुकान उत्तरेस ३० मीटरांवर आहे’ हे तो उभ्या माणसालाही खरेपणाने सांगू शकतो. ‘दुकान उजवीकडे आहे’ हे त्याला होकायंत्रावाचून खरेपणाने सांगता येत नाही. सांता बार्बराच्या संशोधकांनी १९९३ मध्येच डोक्यावर होकायंत्र का बांधले होते याचा उलगडा येथे होतो.

या पार्श्वभूमीवर, सेंडेरोच्या प्रणालीत दिशा सांगण्याच्या निरनिराळ्या पद्धती निवडण्याची जी मुभा होती ती अर्थपूर्ण वाटते. डावे-उजवे, पूर्व-पश्चिम, किंवा घड्याळाच्या तबकडीप्रमाणे ‘दोन वाजता’, म्हणजे समोरच्या बारापासून उजवीकडे थोडे पुढे, यांपैकी हवी ती पद्धती वापरणाऱ्याने घ्यावी. गिऱ्हाईक येथे आवाज निवडीत नव्हते. स्थलनिर्देशाची चौकट निवडीत होते. ज्याला चारी दिशांचे भान पक्के आहे त्याला तबकडीपेक्षा पूर्व-पश्चिम अधिक भरवशाची, कारण यंत्र त्या भाषेत चुकण्याचा संभव कमी.

६

२००६ च्या सुमारास ‘लोडस्टोन’ हा विनामूल्य कार्यक्रम नोकियाच्या फोनांसाठी उपलब्ध झाला. तो स्वतः अंध असलेल्यांच्या पुढाकाराने तयार झालेला होता. त्यात रस्त्यांचा नकाशाच नव्हता. वापरणाऱ्यांनी स्वतः नोंदविलेले आणि एकमेकांना दिलेले बिंदू होते : बसथांब्याचा खांब, कचेरीचे फाटक, बागेतील वळण. डोळसांच्या नकाशात ज्या गोष्टींना नाव नसते, त्यांना येथे नाव मिळाले. स्वीडनच्या ‘वेफाइंडर’ कंपनीचा ‘वेफाइंडर ॲक्सेस’ हा कार्यक्रमही याच काळातला. त्याचा नकाशा कंपनीच्या केंद्रावरून येत असे. व्होडाफोनने ही कंपनी विकत घेतली आणि २०१० मध्ये तिचे काम थांबविले; केंद्राबरोबर नकाशाही गेला.

जून २००९ मध्ये आलेल्या आयफोन ३जीएसमध्ये जीपीएस, होकायंत्र आणि पडदा वाचून दाखविणारा ‘व्हॉइसओव्हर’ हा कार्यक्रम ही तिन्ही साधने एकत्र होती. स्वतंत्र डबी निवडण्याचा काळ येथे जवळजवळ संपला. २०१२ मध्ये फिनलंडच्या इल्का पिर्टिमा यांचा ‘ब्लाइंडस्क्वेअर’ आला. तो भोवतालच्या जागांची नावे सांगतो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘साउंडस्केप’ प्रसृत केला. गंतव्य स्थानाच्या दिशेने सतत येणारा ध्वनी, आणि वाटेवरील स्थळांची त्या त्या बाजूने ऐकू येणारी नावे, हे त्याचे तत्त्व. सांता बार्बराची ११ किलोची कल्पना पंचवीस वर्षांनी खिशात आली. २०२३ मध्ये कंपनीने तो मागे घेतला; मात्र त्याची संहिता सर्वांना खुली केली, म्हणून इतरांना ते काम पुढे नेता आले. स्वतंत्र यंत्रेही नाहीशी झाली नाहीत. २०१७ मध्ये ह्यूमनवेअरने ‘व्हिक्टर रीडर ट्रेक’ आणले. बोटाला समजणारी बटणे, आणि फोनवर अवलंबून नसलेली बॅटरी, ही त्याची बलस्थाने होती.

या घडामोडींतून निवडीचा आणखी एक निकष पुढे आला : टिकाऊपणा. काठी बनविणारा कारखाना बंद पडला तरी हातातील काठी चालू राहते. दुसऱ्याच्या केंद्रावर अवलंबून असलेले मार्गदर्शन मात्र त्या केंद्राबरोबर मुके होते. अनेक महिने खपून माणसाने ज्या वाटा आणि ज्या खुणा नोंदवून ठेवल्या, त्या आपल्याजवळ राहतील काय, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारणे अंध गिऱ्हाईक अनुभवाने शिकले.

७

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोटारचालकाचे जीपीएस आज्ञार्थात बोलते : ‘२०० मीटरांवर उजवीकडे वळा.’ अंधांसाठी घडविलेली उत्तम साधने बहुतांशी निर्देशार्थात बोलतात : ‘पुढे अमुक चौक, उजवीकडे बँक.’ ऑक्टोबर २०१९ मध्ये गूगलने आपल्या नकाशात पायी चालणाऱ्या अंधांसाठी तपशीलवार ध्वनिसूचना प्रथम इंग्रजीत व जपानीत आणल्या, तेव्हा त्यांतही ‘तू योग्य वाटेवर आहेस’, ‘पुढे मोठा रस्ता ओलांडावयाचा आहे’ अशा निर्देशक वाक्यांची भर घातली, हे लक्षणीय आहे. हा भेद केवळ शैलीचा नव्हे. आज्ञार्थाला चुकीची दुरुस्ती करता येत नाही. १० मीटरांची चूक असलेले यंत्र ‘आता वळ’ म्हणाले तर अंध माणूस भिंतीवर जाईल किंवा भर रस्त्यात. ‘चौक जवळ आला आहे’ असे म्हणाले तर तो काठीने पदपथाचा काठ शोधील, वाहनांचा आवाज ऐकेल, आणि वळण स्वतः ठरवील. निर्देशक वाक्यात यंत्राच्या अनिश्चिततेला जागा असते, आणि निर्णयाचा अधिकार चालणाऱ्याकडे राहतो. कुत्र्याच्या आणि माणसाच्या जुन्या व्यवस्थेतील अधिकारविभागणी अशी पुन्हा प्रस्थापित होते.

शब्दांची किंमतही मोजावी लागते. क्लॅट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चालणाऱ्यांना एकीकडे दुसरे मानसिक काम देण्यात आले. दिशाध्वनीवर चालणाऱ्यांच्या गतीवर त्याचा परिणाम झाला नाही. शब्दांतील सूचनांवर चालणाऱ्यांची कामगिरी मात्र खालावली. ‘उजवीकडे, ३० अंश’ हे वाक्य समजून घेऊन शरीराच्या हालचालीत उतरविण्यास मनाला श्रम पडतात. शिवाय रस्त्यावर अंध माणसाचा कान आधीच गुंतलेला असतो. वाहनांचा वेग, भिंतीवरून परतणारा पावलांचा नाद, माणसांची गर्दी, हे सर्व त्याला कानानेच वाचावयाचे असते. कान बंद करणारे हेडफोन म्हणूनच अनेकांनी नाकारले, आणि गालाच्या हाडांतून ध्वनी पोचविणारे, कानाचे छिद्र मोकळे ठेवणारे हेडफोन पसंत केले. कमी बोलणे हाही यंत्राचा गुण ठरला.

या ठिकाणी मराठीचा विचार अप्रस्तुत होणार नाही. वाट सांगण्याच्या आपल्या रीतीत ‘अलीकडे’ आणि ‘पलीकडे’ ही जोडी फार कामाची आहे. पुण्याच्या जुन्या पेठांत ‘सोन्या मारुतीच्या पलीकडे’, ‘जिलब्या मारुतीच्या अलीकडे’ असे सांगतात. घराचा क्रमांक वा रस्त्याचे अधिकृत नाव त्यात येतेच असे नाही. अंध माणसाच्या दृष्टीने या दोन शब्दांत मोठा फरक आहे. ‘मारुतीच्या पलीकडे वळा’ ही सूचना त्याला उपयोगी पडते. देवळाची घंटा, फुलांचा व उदबत्त्यांचा वास आला, म्हणजे त्यानंतर वळावयाचे. ‘अलीकडे वळा’ ही सूचना मात्र बहुधा निरुपयोगी. देऊळ जाणवेपर्यंत वळण मागे पडलेले असते. डोळा दुरूनच देऊळ पाहतो म्हणून डोळस माणूस ‘अलीकडे’ जाणतो. काठीला एका पावलापुरतेच ‘पुढे’ माहीत असते. उपग्रहाने अंध प्रवाशाला जे दिले ते एका शब्दात सांगावयाचे तर हे ‘अलीकडे’ होय : वस्तू येण्यापूर्वी ती येणार आहे हे समजणे.

परंतु त्यासाठी नकाशात तो मारुती असावा लागतो, आणि यंत्राला त्याचे नाव उच्चारता यावे लागते. रोमन लिपीत लिहिलेल्या गावांच्या आणि रस्त्यांच्या नावांत ‘त’ आणि ‘ट’, ‘द’ आणि ‘ड’ यांचा भेद राहत नाही, ऱ्हस्व-दीर्घही जातात. इंग्रजी उच्चारनियमांवर चालणारा कृत्रिम आवाज ती नावे वाचू लागला की ओळखीचे ठिकाणही अनोळखी होते. इंग्रजीतही हा प्रश्न आहेच. ‘सेंट’ आणि ‘स्ट्रीट’ या दोहोंची संक्षिप्त अक्षरे एकच असल्याने कोणते वाचावे हे यंत्राला संदर्भावरून ठरवावे लागते. डोळस माणूस चुकीचा उच्चार ऐकून पाटीकडे पाहतो आणि हसून सोडून देतो. अंध माणसाला तो उच्चार हीच पाटी. तेच नाव घेऊन त्याला वाटसरूला विचारावयाचे असते. देवनागरीतील स्थलनामे, त्यांचे प्रमाण उच्चार आणि लोकांच्या तोंडी असलेली नावे यांचा संग्रह हे काम म्हणूनच केवळ स्थलनामशास्त्राच्या हौसेचे राहत नाही.

८

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. १९९३ मध्ये निवडीचा निकष वजन हा होता. २००० पर्यंत अचूकता. २००२ ते २००९ या काळात रिसीव्हरची वागणूक, म्हणजे त्याचा खटका, त्याची जागा, त्याचे मंद गतीशी व दिशेशी असलेले नाते. आणि त्यानंतर सेवेचा टिकाऊपणा व नकाशाची समृद्धी. या सर्व काळात एक प्रश्न मात्र बदलला नाही. यंत्र जे बोलते ते खरे आहे काय, ते वेळेवर बोलते काय, आणि बोलून झाल्यावर निर्णय माझ्याकडे ठेवते काय? या कसोटीला जे साधन उतरले ते वापरणाऱ्यांनी आपले मानले, मग ते ११ किलोचे असो की खिशातील.

उपग्रहांची संख्या आणि चिपांची संवेदनशीलता यांची काळजी अभियंते घेतील. कोणत्या खुणेला कोणते नाव द्यावे, ‘समोर’ म्हणजे नेमके किती समोर, वळणाची सूचना किती पावले आधी आणि किती शब्दांत द्यावी, आणि आपली माणसे एकमेकांना वाट सांगताना कोणत्या क्रमाने बोलतात, हे प्रश्न भाषेचे आहेत. मराठीत त्यांची पद्धतशीर नोंद करावयाची तर प्रथम अंध प्रवाशांनी एकमेकांना सांगितलेल्या वाटा ऐकाव्या लागतील. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपल्या क्षेत्रकार्यासाठी हा विषय घेतला, तर त्याचा उपयोग प्रबंधाबाहेरही, रस्त्यावर, होईल.